शंभर यार्ड

"तू बेलापूरचा? म्हणजे नवी मुंबई ना?" फर्स्ट इयरला होस्टेलमध्ये आल्यापासून हा प्रश्न मी किमान पन्नास वेळा ऐकलाय. तर मित्रहो, सर्वप्रथम खुलासा. नवी मुंबईतलं ते सीबीडी बेलापूर वेगळं. आमचं बेलापूर अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी आहे. बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द अशी दोन गावं. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनला बेलापूर हे नाव मिळालं ते आमच्या गावावरून. सगळीकडे ऊस, आणि चौकाचौकात टपरी!

त्यातली एक टपरी आमची. म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. बिडी, सिगारेट, तंबाखूच्या पुड्या, चुना, काडेपेटी, बिस्किटं, गोळ्या असा सगळा माल. माझी अकरावी-बारावीची क्लासची फी आणि इथली होस्टेलची फी त्या पत्र्याच्या टपरीतून आली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून कुणी म्हणेल की हा मोठा उपदेश करायला निघालाय. उपदेश करायचा माझा अधिकार नाही. सेकंड इयरला सबमिशनच्या रात्री मी स्वतः सिगारेट ओढायला लागलो, हेही इथेच कबूल करतो. वॉर्डन सरांनी कृपया पुढचंही वाचावं!

टेप, रेंजिंग रॉड आणि आमची टपरी

गेल्या मे महिन्यात सुट्टीत घरी गेलो होतो. गावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, "सिव्हिलला आहेस ना? मग एक काम कर." त्यांना शाळा तंबाखूमुक्त करायची होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०१९ च्या सुधारित सूचनांनुसार शाळेच्या हद्दीपासून १०० यार्डांवर पिवळी रेघ मारायची असते. त्या रेघेच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत. सरांना ती रेघ कुठे येते ते मोजून हवं होतं.

मी खूश. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला नुसती रीडिंग कॉपी करणाऱ्या माझ्यासारख्याला गावात कुणीतरी इंजिनीअर म्हणून बोलावलं होतं! ३० मीटरची टेप घेतली, धाकट्या भावाला काठी देऊन उभं केलं आणि कामाला लागलो. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर.

आमची टपरी शाळेपासून रस्त्याने गेलं तर लांब वाटते. शाळेच्या कंपाउंडच्या कोपऱ्यापासून ७० मीटर सरळ, मग काटकोनात उजवीकडे वळून ४५ मीटर. एकूण ११५ मीटर. म्हणजे रेघेच्या चांगलं बाहेर. अण्णा वर्षानुवर्षे हेच सांगायचे, "आपली टपरी शाळेपासून लांब आहे, आपल्याला काही भ्या नाही." मीही टेप गुंडाळायला लागलो होतो.

पण घरी येऊन नियम नीट वाचला. त्यात अंतर रस्त्याने मोजायचं नाही. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत मोजायचं. आता गणित आठवीतल्या पोराचं आहे. ७० चा वर्ग ४९००, ४५ चा वर्ग २०२५, बेरीज ६९२५, त्याचं वर्गमूळ ८३.२. म्हणजे आमची टपरी रेघेच्या आत ८.२ मीटरने!

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुख्याध्यापकांना रस्त्याचं अंतर सांगितलं असतं तर कुणीही तपासायला येणार नव्हतं. ११५ हा आकडासुद्धा खोटा नव्हता, फक्त चुकीच्या रेषेवर मोजलेला होता. आपल्या क्षेत्रात पुढे अशी वेळ पुष्कळदा येणार आहे असं सिनिअर सांगतात. माझ्यावर ती पहिल्यांदा आली ती माझ्याच बापाच्या टपरीवरून.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा १०० यार्डांचा नियम आला कुठून ते पाहू.

कायदा कसा आला?

आपल्या देशात सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापायची सक्ती १९७५ च्या कायद्याने झाली. बारीक अक्षरात एक ओळ. ती वाचायला सिगारेट ओढणाऱ्याला वाचता यायला हवं, आणि त्याने पाकीट हातात घ्यायला हवं. बिडी आणि खायची तंबाखू त्या कायद्यात नव्हतीच.

१९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला मनाई केली. त्यानंतरचा मोठा टप्पा मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शिक्षणसंस्था, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बस अशा ठिकाणी देशभर धूम्रपानबंदीचा आदेश दिला. मुद्दा साधा होता. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याचा धूर का म्हणून घ्यायचा?

मग २००३ साली संसदेने सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'कोटपा' म्हणतात. यात बिडी, जर्दा, गुटखा सगळं आलं. त्यातली चार कलमं आपल्या कामाची आहेत :

१) कलम ४ : सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला बंदी. शिक्षणसंस्था यात स्पष्टपणे येते. दंड २०० रुपयांपर्यंत.

२) कलम ५ : तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी.

३) कलम ६ : १८ वर्षांखालील मुलाला विकायला बंदी, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकायला बंदी.

४) कलम ७ : पाकिटावर ठळक इशारा. चित्राचा इशारा प्रत्यक्षात ३१ मे २००९ पासून आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग त्याने व्यापला.

२ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीला, धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले. कामाच्या जागा, हॉटेलं, सिनेमागृहं सगळी त्यात आली. प्रवेशद्वारावर ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणं सक्तीचं झालं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी त्या जागेच्या प्रमुखावर आली. ॲश-ट्रे ठेवणंसुद्धा नियमाविरुद्ध.

जागतिक पातळीवर २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू नियंत्रणाचा करार केला. भारताने तो फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य केला. २००७-०८ साली राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर देशभर बंदी आली. (रूम पार्टनरच्या बॅगेतल्या 'पेन'वाल्यांनी नोंद घ्यावी.)

आपल्या महाराष्ट्राची गुटख्याची गोष्ट तर वेगळीच. १ ऑगस्ट २००२ पासून राज्याने पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली. राज्याला तो अधिकार नाही असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला आणि अन्नपदार्थात तंबाखू घालायची नाही असा नियम २०११ मध्ये झाला. त्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवली जाते. पहिल्या वेळी जे कायद्याच्या पायावर टिकलं नाही, ते दुसऱ्या वेळी पाया बदलून टिकलं. सिव्हिलवाल्यांना हे पटावं!

फुफ्फुस : एक पाइपलाइन

आता शास्त्राचा भाग. कंटाळू नका, आपल्याच सिलॅबसमधला आहे.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण पॉइझेलचं समीकरण शिकलो. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहासाठी, दाब तोच ठेवला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो! आपल्या श्वासनलिकेला पुढे पुढे फांद्या फुटत जातात. मोठ्या नळ्यांमध्ये प्रवाह खळबळाटी असतो, तिथे हे समीकरण जसंच्या तसं लागू होत नाही. पण टोकाच्या बारीक नळ्यांमध्ये बरंचसं लागू होतं. धुराने नेमक्या याच बारीक नळ्या सुजतात, त्यांच्यात चिकट कफ साठतो आणि हवेच्या पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आमच्याकडे सरसकट 'दमा' म्हणतात, पण दमा हा वेगळा आजार आहे.

तो मोजतात स्पायरोमीटरने. जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, यांचं गुणोत्तर काढायचं. औषधाचा फवारा देऊनही ते ०.७० पेक्षा कमी आलं तर नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आहे असं समजतात.

माणसाची ही फुंकायची ताकद वयानुसार तशीही कमी होतेच, साधारण वर्षाला २५ ते ३० मिलीलिटर. पण धूर सोसत नाही अशा माणसाने ओढत राहिलं तर घसरणीचा उतार फार तीव्र होतो. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी याचा आलेख मांडला, तो आजही शिकवतात. त्यातली गंमत अशी की सोडल्यावर गेलेली ताकद परत येत नाही, पण उतार पुन्हा न ओढणाऱ्यासारखा होतो. म्हणजे किती उरलं यापेक्षा उतार कधी बदलला हे महत्त्वाचं.

कॅन्सर आणि हृदयाचं वेगळंच. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचीच पाहणी सुरू केली. ती पन्नास वर्षं चालली. २००४ मध्ये निष्कर्ष आला : आयुष्यभर ओढणारे सरासरी सुमारे १० वर्षं आधी मरतात. पण साठीत सोडलं तर ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडलं तर जवळपास पूर्ण १० वर्षं परत मिळतात. आपण सगळे विशीत आहोत. हिशेब तुम्हीच करा.

आशाताईंचा फॉर्म

आता सरकारचा दुसरा प्रयत्न. हा कायद्याचा नाही, दारात येणारा आहे.

मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, हृदयविकार यांच्यासाठी केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची असं ठरलं. गावात हे काम आशाताई करतात. त्यांच्याकडे एक फॉर्म असतो. वय किती, तंबाखू घेता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, व्यायाम करता का, घरात कुणाला आजार आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणी लवकर करायची. परीक्षेत गुण जास्त हवेत, इथे कमी!

आमच्या आशाताईंनी अण्णांचा फॉर्म टपरीवरच उभ्याने भरला. "बिडी रोज का कधी कधी?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "कधी कधी." त्यांच्या बोटांत तेव्हा पेटती बिडी होती. ताई काही बोलल्या नाहीत. 'रोज' वर टिक केली. मग म्हणाल्या, "भाऊ, हा खोकला किती दिवसांचा?" अण्णा म्हणाले, "खोकला कुठे, घसा साफ करतोय." हा घसा आम्ही भावंडं लहान असल्यापासून रोज पहाटे साफ होतोय.

ताईंनी तीन चकरा मारल्या तेव्हा अण्णा तपासायला गेले. रक्तदाब वाढलेला निघाला. पुढे शहरात स्पायरोमेट्री केली. गुणोत्तर आलं ०.५८. मी रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसलो आणि सवयीने हिशेब केला. दिवसाला २० बिड्या, ३० वर्षं. २० गुणिले ३६५ गुणिले ३०, म्हणजे २ लाख १९ हजार बिड्या. माझ्या खिशात तेव्हा एक सिगारेट होती.

टपरीच्या आतून काय दिसतं?

कायदे पुस्तकात वेगळे दिसतात आणि टपरीच्या फळीमागून वेगळे. सुट्टीत मी टपरीवर बसायचो तेव्हा माझ्या लक्षात आलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, सुटी विक्री. पाकिटावरचं ते ८५ टक्क्यांचं भयानक चित्र बघतो कोण? तर अण्णा आणि मी! गिऱ्हाईक पाकीट घेतच नाही. "एक द्या" म्हणतो, लायटरने पेटवतो आणि जातो. इशारा टपरीतच राहतो. करवाढीचंही तसंच. पाकीट वीस रुपयांनी महागलं तर सुट्या सिगारेटमागे दोन रुपये वाढतात, आणि दोन रुपये कुणाला जड होत नाहीत. शिवाय बारावीतल्या पोराकडे पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. माझ्या मते हा आतापर्यंतच्या नियमांतला सर्वांत नेमका नियम आहे. आणि टपरीवर सर्वांत कमी पाळला जाणाराही हाच.

दुसरी, चित्रं बिनकामाची नाहीत. देशात प्रौढांची तंबाखूची मोठी पाहणी २००९-१० आणि २०१६-१७ मध्ये झाली. इशारा बघून सोडावंसं वाटलं असं म्हणणारे सिगारेटवाले ३८ वरून ६२ टक्के झाले, बिडीवाले २९ वरून ५४. देशात तंबाखू घेणारे ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ वर. म्हणजे काहीच होत नाही असं म्हणणारे चूक आहेत.

तिसरी, आपल्याकडे धुरापेक्षा चघळणं मोठं आहे. त्याच दुसऱ्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के निघाले. नगरकडच्या मुलांना मावा काय ते सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकवर घासायचा की झाला. होस्टेलच्या जिन्यातल्या कोपऱ्यांचा रंग बघितला तर आपली आकडेवारी वेगळी काढायची गरज नाही! यातून होतो तो तोंडाचा कॅन्सर, आणि त्याआधी तोंड उघडायचं बंद होतं. धूर नाही म्हणून धोका नाही, हा गैरसमज आधी काढा.

चौथी गोष्ट अवघड आहे. आमच्या जिल्ह्यात नगर शहरात आणि संगमनेरला बायका घरी बसून बिड्या वळतात. हजार बिड्यांमागे मजुरी ठरलेली असते. त्या बिडीला लागणारं तेंदूपान गडचिरोली, गोंदियाच्या जंगलातून आदिवासी गोळा करतात. उद्या बिडी बंद झाली तर त्यांनी काय करायचं? जागतिक करारातही कलम १७ मध्ये अशा लोकांना दुसरं पोटापाण्याचं साधन द्यायला सांगितलंय. दंड करणं सोपं आहे, हे कलम पाळणं कठीण. ते का कठीण आहे हे मला पुस्तकाने नाही, आमच्या वहीने शिकवलं.

मग टपरीचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना खरा आकडा सांगितला. म्हटलं, "अण्णा, आपली टपरी आत येते. आठ मीटर." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं शिक्षण ह्याच बिड्यांवर झालं, माहितीये ना?" मी म्हटलं, "माहितीये." ते म्हणाले, "मग मोजायला तूच सापडला?"

मला उत्तर आलं नाही. आई आतून म्हणाली, "त्यानं मोजलं म्हणून तर घरात कळलं. परक्यानं मोजलं असतं तर चारचौघांत कळलं असतं."

दुपारी अण्णांनीच वही काढली. पंधरा दिवसांचा हिशेब केला. शंभर रुपये सुटत असतील तर त्यातले साठ तंबाखूच्या मालाचे निघाले. म्हणजे उद्या सगळं बंद करा म्हणणं म्हणजे साठ टक्के पगार कापणं. ज्या कुणाला हे सोपं वाटतं त्याने स्वतःच्या पगारावर करून बघावं.

संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना ८३.२ हाच आकडा दिला. ते कागदाकडे बघून म्हणाले, "ही तुमचीच ना?" मी मान हलवली. त्यांनी चहा मागवला आणि दुसरा विषय काढला. त्यांचे उपकार वाटले.

अण्णांनी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत टपरी रेघेच्या बाहेर हलवली. कायद्याचं काम झालं. पण आमच्या घरातलं संपलं नव्हतं. कारण रेघेच्या बाहेर बिडी विकली तरी ती ओढणाऱ्याचं फुफ्फुस तेच. दवाखान्यात जाऊन आल्यावर अण्णांनी आधी सुटी विक्री बंद केली. गिऱ्हाईक तुटलं. "एवढी काय शाणपट्टी" म्हणून दोघं-तिघं भांडून गेले. आईने सकाळचे पोहे आणि चहा सुरू केला. आज वहीत शंभरातले साठऐवजी पंचवीस-तीस रुपये तंबाखूचे आहेत. पण एकूण गल्लासुद्धा पूर्वीपेक्षा कमीच आहे. या सेमिस्टरला मी मेसचे पैसे उशिरा भरले त्याचं कारण हेच. तक्रार नाही, फक्त हिशेब पूर्ण लिहायचा म्हणून लिहिलं.

स्वतः अण्णांनी बिडी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्यांदा सोडली त्याला सात महिने झाले. चढावर अजून धाप लागते. गेलेलं परत येत नाही, आलेखात पाहिलंच आपण. पण पहाटेचा 'घसा साफ' आता पुष्कळ कमी झालाय. फोनवर मला ते ऐकू येतं.

आपल्या होस्टेलसाठी

माझी शेवटची सिगारेट म्हणजे रिपोर्टच्या दिवशी खिशात होती ती. ओढली नाही, टाकली. त्यानंतर पीएलमध्ये एकदा घसरलो, मग पुन्हा नाही. अनुभवातून आणि वाचलेल्यातून काही गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

१) तल्लफ पहिले तीन दिवस सर्वांत जोरात येते, पण एक लाट काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ रूम बदला, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. मी जिने चढायचो.

२) तारीख ठरवा. सबमिशनच्या किंवा व्हायव्हाच्या आठवड्यात सोडायला जाऊ नका. आणि पार्टनरला सांगा. न सांगता सोडलेली सिगारेट न सांगता परत येते.

३) घसरलात तर सगळं संपलं असं नाही. अण्णांना तिसऱ्या वेळी जमलं. बहुतेकांना बरेच प्रयत्न लागतात.

४) सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. हा नंबर २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. पण सुटी घेणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून इथे छापायला दिलाय. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमही मिळतात, पण डॉक्टरांना विचारून घ्या.

५) मावा आणि पुडी हा सिगारेटवरचा उपाय नाही. निकोटीन तेच, फक्त रस्ता वेगळा.

६) आणि कॉलेज प्रशासनाला एक नम्र विनंती. गेटवर फलक आहे, पण रेघ नाही. आपल्याकडे सर्व्हेची लॅब आहे, टोटल स्टेशन आहे, आणि दरवर्षी प्रॅक्टिकलसाठी तेच ग्राउंड मोजणारी मुलं आहेत. या वर्षी सेकंड इयर सिव्हिलच्या एका बॅचला कुंपणापासून ९१.४४ मीटरची हद्द आखायला द्यावी. त्रिज्येने. मार्क द्यावेत.

७) रेघ आखल्यावर तिच्या आत येणाऱ्या टपरीवाल्या काकांशी आधी बसून बोलावं. त्यांना चहा, नाश्ता, झेरॉक्स, स्टेशनरी यातलं काय करता येईल हे कॉलेजने आणि आपण गिऱ्हाइकांनी मिळून ठरवावं. थेट दंडाची पावती फाडू नये. त्या काकांचाही मुलगा कुठेतरी शिकत असेल.

असो. लेख लांबला. दिवाळीत घरी जाईन तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळेची रेघ पुन्हा रंगवायला बोलावलंय, पावसात फिकी झालीय म्हणे. टेप लॅबमधून न्यायला परवानगी मिळावी असा अर्ज एचओडी सरांकडे केला आहे. सर, हा लेख वाचत असाल तर सही करावी, ही विनंती.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी